इस्ट्रोजेनने आतड्याचा कर्करोग टळतो का?

प्रश्न : वय 54, पाळी जाऊन 3 वर्षं झाली. वडिलांना 58व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. इस्ट्रोजेनच्या (स्त्री-संप्रेरकाच्या) गोळ्यांनी तो टळतो म्हणतात. सुरू करू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, एवढ्यासाठी नको. ऐकलंत त्यात तथ्य आहे. 2002च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (दुसरं एक संप्रेरक) एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत हा कर्करोग सुमारे 37 टक्के कमी आढळला. पण ज्यांना झाला, त्यांचा जास्त पसरल्यावर सापडला. नुसत्या इस्ट्रोजेनने तर फायदा दिसलाच नाही. शिवाय एकत्र गोळ्यांनी स्तनांचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढला. झालेल्या आतड्याच्या कर्करोगावरही हे औषध नाही.

तुम्हाला खरी गरज कोलोनोस्कोपीची, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून पाहण्याची आहे. वडिलांना साठीच्या आत झाला, म्हणजे तुमची पहिली तपासणी चाळिशीतच व्हायला हवी होती. आता लांबवू नका. पुढे साधारण दर 5 वर्षांनी. तपासणीच्या आदल्या दिवशी फक्त पातळ, गाळलेलं घ्या. तांबडा रस्सा, लाल सरबतं वर्ज्य, कारण तो रंग आत रक्तासारखा दिसतो. जुलाबाचं औषध अर्धं रात्री, अर्धं पहाटे, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेलाच. पोट नीट साफ झालं नाही तर छोटे पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या गाठी, ज्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो) नजरेतून सुटतात, आणि तेच काढायचे असतात.