तेजोमेघासाठी कोणता फिल्टर?

प्रश्न : जुळे सोलापुरात गच्चीवर सहा इंची दुर्बीण लावतो. मृगातला तेजोमेघ फिकट दिसतो. फिल्टर घेऊ का?

उत्तर : घ्या, पण यूएचसी, म्हणजे 'अल्ट्रा हाय कॉन्ट्रास्ट' फिल्टर. तेजोमेघातला वायू ठरावीक रंगांतच चमकतो: ऑक्सिजनच्या ४९६ आणि ५०१ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशरेषा आणि हायड्रोजनची ४८६ची, एवढंच तो मुख्यतः आत सोडतो. तेजोमेघ उजळत नाही, मागचं आकाश काळं पडतं. स्वस्तातले 'प्रकाश-प्रदूषण' फिल्टर एलईडी दिव्यांपुढे फारसे चालत नाहीत, पैसे वाया. कृत्तिकांभोवतीचं धुकट तेज मात्र ताऱ्यांचाच परावर्तित प्रकाश. तिथे यूएचसी उलट नडतो. २५ मिलिमीटरचं आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावा, फिल्टर त्याच्या खालच्या आट्यांत अलगद फिरवून बसवा. आणि खरेदीआधी एकदा अमावास्येला दुर्बीण गाडीत टाकून शहराबाहेर नान्नजच्या बाजूला, अंधाऱ्या आकाशाखाली जाऊन याच. कदाचित खर्चच वाचेल.