पुरात बुडालेली गाडी, घाटातलं सॉकेट आणि चेनचं ऑइल

प्रश्न : आमची शंभर सीसीची गाडी पुराच्या पाण्यात दोन दिवस सीटपर्यंत बुडून होती. आता पाणी ओसरलंय. शेजारी म्हणतात, किक मारून बघ, चालू होईल. मारू का? (सांगलवाडी, सांगली)

उत्तर : मारू नका. चावीसुद्धा फिरवू नका. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोरात वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ऑइलच्या दोन-तीन डब्यांवर भागणारं काम इंजिन खोलण्यावर जातं. फुल इन्शुरन्स असेल तर आधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा. बुडालेली गाडी चालू करून झालेलं नुकसान ते सहसा मान्य करत नाहीत. नुसत्या थर्ड पार्टीत पुराचं काही मिळत नाही.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी मेन स्टँडवर लावा आणि रात्रभर हलवू नका. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसतं. सकाळी इंजिनाखालचा ड्रेन नट अगदी हळू सैल केला की आधी पाणी येतं, मग दुधाळ चहाच्या रंगाचं ऑइल. ते पूर्ण निथळू द्या.

आता स्पार्क प्लग काढा. प्लगच्या भोकावर फडकं धरून, चावी बंद ठेवून, हाताने किक दहा-पंधरा वेळा खाली दाबा. पाणी फडक्यात येईल. ते थांबलं की भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि आणखी चार वेळा किक दाबा, म्हणजे सिलिंडरला गंज धरणार नाही.

टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढलं की तळाला पाण्याचा थर स्पष्ट दिसतो. ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून तीही रिकामी करा. कागदी एअर फिल्टर टाकूनच द्या, तो वाळवून चालत नाही. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, ऑइलचा हात लावून बसवा.

इंजिनात नवं ऑइल भरा, पण ते महागाचं नको, कारण ते फेकायचंच आहे. फक्त डब्यावर जासो एमए (ऑइलात बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचा दर्जा) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल घातलं तर क्लच प्लेटा घसरू शकतात. इंजिन दोन-तीन मिनिटं मंद चालवा, बंद करा, ऑइल काढा. रंग पुन्हा दुधाळ आला तर परत तेच. साधारण दोनदा, कधी तिसऱ्यांदा रंग साफ येतो. क्लच प्लेटांमध्ये आणि ऑइलच्या वाटांत पाणी अडकून राहतं, म्हणून एकदा बदलून भागत नाही.

लोक इथे थांबतात आणि महिन्याभराने चाकाची बेअरिंग करकरायला लागतात. कृष्णेचा गाळ अतिशय बारीक असतो. दोन्ही ड्रम उघडून तो धुवा, ब्रेक शूवर पॉलिश पेपर फिरवा, बेअरिंग बोटाने फिरवून पाहा. खरखर लागली तर बदला. डाव्या बाजूचं मॅग्नेटचं (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाचं) कव्हरही उघडायला हवं, तिथे गाळाचा थर बसलेला असतो. हेडलाइटमागचे सगळे कपलर (वायरींचे जोड) सोडून साध्या पाण्याने धुवा, वाळवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जोडा. बॅटरी सगळ्यात शेवटी.

प्रश्न : यवतेश्वर घाटात डबलसीट असताना गाडी दमते. पुढचं सॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, १४ ऐवजी १३ दातांचं टाकावं असं मित्र सांगतात. मागे ४४ दाते आहेत. (शाहूपुरी, सातारा)

उत्तर : टाकता येतं, पण आधी गाडी कशामुळे दमते ते पाहा. मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. एक-दोन फेऱ्यांत अडलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन जास्त ताणलीय. घाटात इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय, त्याला सॉकेटचा काय इलाज? एअर फिल्टर आणि थंड इंजिनावर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट तपासा.

हे सगळं ठीक असेल तर गणित असं : ४४ भागिले १४ म्हणजे ३.१४, ४४ भागिले १३ म्हणजे ३.३८. चाकाला ओढ साधारण पावणेआठ टक्के जास्त मिळते आणि त्याच वेगाला इंजिन तितकंच जास्त फिरतं. हायवेने कराडपर्यंत ६० ने गेलात तर आवाज पूर्वीच्या ६४-६५ चा येईल, पेट्रोलही थोडं जास्त. रोज घाट चढणाऱ्याने टाकावं, महिन्यातून एकदा कासला जाणाऱ्याने गिअर एक खाली घ्यावा.

बसवताना मागचं चाक सुमारे ३ मिलिमीटर मागे घ्यावं लागेल, तेवढी चेन सैल पडते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. चेनचा झोल मधोमध २५ ते ३० मिलिमीटर, आणि तो चाक फिरवून चार ठिकाणी मोजा. चेन जुनी असेल तर नुसतं पुढचं सॉकेट बदलू नका, नवे दाते लवकर झिजतील. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून असेल तर आकडे बिघडत नाहीत.

प्रश्न : चेनला गाडीतून काढलेलं जळकं ऑइल लावतो. चालतं ना? (तासगाव)

उत्तर : नाही. त्यात धातूचा कीस असतो, आणि उसाच्या हंगामात रस्त्यावरचा चिखल त्याला चिकटला की चेनवर कानस फिरवल्यासारखं होतं. चेन रॉकेलने धुवा, पुसा, ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या कडांवर थेंब थेंब सोडा, रात्रभर ठेवून जादाचं पुसून टाका. दर ५०० किलोमीटरला, पावसात त्याआधी. ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर घासायला ताराचा ब्रश नको. चेन जोडणाऱ्या कडीच्या लॉकची पिन बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते तिकडे हवं. उलटं बसवलं की ती निसटते आणि चेन भर रस्त्यात उतरते.

प्रश्न : जुन्या गाडीत एलईडी बल्ब टाकला, इंजिन मंद चालू असताना तो फडफडतो. (मिरज)

उत्तर : बल्ब खराब नाही. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा करंट बॅटरीतून नाही, थेट मॅग्नेटच्या कॉइलमधून येतो, तो एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारा, असतो. एलईडीला एकाच दिशेने वाहणारा डीसी लागतो. बॅटरीवर वायर ओढून घेतली तर अडीच अँपिअरची ती छोटी बॅटरी चार्ज होण्याआधीच उतरेल. नेहमीचा ३५ वॅटचा बल्ब परत लावा, रिफ्लेक्टर पुसा आणि चेसिसवरचा अर्थिंगचा नट सोडून खालचा गंज घासा. उजेड बऱ्याचदा तिथेच अडलेला असतो.