बाथरूमची फरशी काढल्यावर खाली ओल सापडली. वरून वॉटरप्रूफिंग करून नवी टाइल बसवावी का?

बसवू नये. जुनी टाइल काढल्यावर खालचा कोबा काळा व ओलसर निघाला, कोपऱ्यातले सिमेंट बोटाने भुरभुरत आहे, आणि तरीही ‘केमिकलचे दोन हात मारतो, उद्या टाइल चालू करू’ असे कंत्राटदार म्हणत आहे, असे आपण लिहिले आहे. हे वाक्य मी शब्दशः ऐकलेले आहे आणि ते उचलून धरणारे गृहस्थ माझ्या सासरचेच आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

डोंबिवलीत माझ्या सासऱ्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट १९८०च्या दशकातल्या इमारतीत आहे. त्यांच्या बाथरूमखालच्या छताचे पोपडे पडून सळ्या दिसू लागल्या होत्या आणि खालच्या काकू प्रत्येक सर्वसाधारण सभेत तक्रार मांडत होत्या. भिंत पश्चिमेची आहे, पावसाचा मारा तिच्यावरच होतो, तेव्हा हे काम सोसायटीचे आहे, असा माझ्या मेहुण्यांचा ठाम सिद्धांत होता. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे. बांधकामातला तज्ज्ञ नाही. परंतु पावसाची ओल मार्च-एप्रिलपर्यंत ओसरायला हवी आणि येथे ती भर उन्हाळ्यात पसरत होती, एवढे कळायला पदवी लागत नाही. बारा महिने चोवीस तास सारखी राहणारी ओल बहुधा नळाच्या लाइनची असते, वापरानंतर वाढणारी सांडपाण्याची असते आणि पावसाळ्यात येऊन नंतर सुकणारी बाहेरच्या भिंतीची असते. रंगपंचमीचा उरलेला रंग बादलीत कालवून मी तो नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यात, ओतला. दुसऱ्या दिवशी काकूंच्या छतावर गुलाबी डाग उमटला. त्यावर ‘रंग भिंतीवरूनही उतरू शकतो’ असे उत्तर मला मेहुण्यांकडून मिळाले.

दरम्यान सोसायटीने बाहेरून प्लास्टर व रंग करून घेतला आणि गळती कमी होण्याऐवजी दुपटीने वाढली. याचे कारण आपल्याही उपयोगाचे आहे. संकन स्लॅबमध्ये, म्हणजे पाइप बसावेत म्हणून बाथरूमखाली खोलगट ठेवून भरावाने भरलेल्या स्लॅबमध्ये, मुरणारे पाणी बाहेर पडावे म्हणून बाहेरच्या भिंतीतून एक बारीक पाइप काढलेला असतो. तो निरुपयोगी दिसतो, म्हणून रंगकाम करणारे तो सर्रास लिंपून टाकतात. तोपर्यंत बाहेर ठिबकणाऱ्या पाण्याला त्यानंतर खालची स्लॅब हीच एक वाट उरली.

पुढे बाथरूमचे नूतनीकरण निघाले, टाइल निघाली आणि आपल्यासारखेच दृश्य दिसले. नव्या टाइल जिन्यात येऊन पडल्या होत्या, त्यामुळे मेहुण्यांना वरून केमिकल मारण्याची घाई होती. मी सासऱ्यांकडून संपूर्ण संकन उकरण्याची परवानगी मिळवली. आत विटांचे तुकडे थोडे आणि राडारोडाच अधिक होता. सेंट्रिंगच्या कुजलेल्या फळ्या आणि गोणपाटाच्या चिंध्या चिखलासारख्या मिसळल्या होत्या. तळाशी पाणी चक्क साचलेले होते. नहाणी ट्रॅप व पुढचा पाइप यांच्यातला सांधा सुटला होता आणि भिंतीतल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनचा एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, गंजून टाचणीएवढे भोक पडले होते. वरून थर मारला असता तर या दोहोंपैकी काहीही थांबले नसते, कारण दोन्ही त्या थराच्या खालीच होते.

म्हणून आपणही स्लॅबपर्यंत उकरा, तळ कोरडा होऊ द्या आणि नंतर निर्णय घ्या. खालच्या छताचे सुटे काँक्रीट काढून सळ्या तारेच्या ब्रशने घासाव्यात, गंजरोधक लावावे आणि पॉलिमर मॉर्टर (चिकटपणा वाढवणारे रसायन मिसळलेला सिमेंटचा माल) पातळ थरांत चढवावा. नुसते साधे प्लास्टर मारले तर ते पुन्हा पडते, कारण गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने तो काँक्रीटला आतून फोडत राहतो. नळाची लाइन बदलून प्रेशर टेस्ट (दाबाखाली पाणी भरून गळती तपासणे) केल्याशिवाय भिंत बुजवू देऊ नका. कोपऱ्यांत वाटा (सिमेंटची गोलाई), पाइपांभोवती नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारा सिमेंटचा माल), मग वॉटरप्रूफिंगचे दोन थर, तेही भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत चढवलेले, असा क्रम आहे. त्यानंतर पाणी भरून ४८ तास ठेवावे आणि खाली जाऊन छत पाहावे. ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा झाल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. चोवीस तास पुरेत म्हणणारा कंत्राटदार पुढच्या कामावर पोहोचायच्या घाईत असतो. तो बाहेरचा बारीक पाइप मोकळा आहे की नाही, हे मात्र स्वतः पाहा.

खर्चाचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी तो येणारच. मेहुण्यांच्या मते काकूंचे छत ही काकूंची जबाबदारी होती. हे मला साफ अमान्य आहे. पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. आपल्या ट्रॅपमधून गेलेल्या पाण्याने दुसऱ्याची स्लॅब कुजली तर ते छत आपणच करून द्यावे. सासऱ्यांनी ते करून दिले, आणि ‘तसे करायला नको होते’ हे मेहुणे आजही प्रत्येक गणपतीत ऐकवतात.

आता काही मर्यादा सांगितल्या पाहिजेत. हे सर्व संकन असलेल्या बाथरूमपुरते आहे. जुन्या अनेक इमारतींत ट्रॅप व पाइप खालच्या घराच्या छताला लोंबलेले असतात आणि तेथे पाइपांची दुरुस्ती खालूनच होते. उकरताना मोठे ब्रेकर मशीन चालवू देऊ नका, छिन्नी-हातोडा वापरा, अन्यथा कमकुवत स्लॅबला नवे तडे जातात. एखादी सळई जाडीने स्पष्ट कमी झालेली दिसली तर माझे किंवा कंत्राटदाराचे मत बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. उकरलेला मालही गच्चीत किंवा पॅसेजमध्ये एका जागी रचू नका. पाच बाय सात फुटांच्या, फूटभर खोल संकनमधला ओला भराव दीड ते दोन टन भरू शकतो. तो दररोज खाली उतरवावा, आणि त्यासाठीची मजुरी कंत्राटदाराच्या दरात धरलेली आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे.