मातीच्या पापुद्र्यांत खांब

प्रश्न : आमची शेती परभणीजवळ, काळी कसदार. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की कोपरापर्यंत हात आत जातो. एम.एस्सी. करणारी पुतणी म्हणते, प्रयोगशाळेत असल्या मातीत धातूच्या ऑक्साइडचे खांब उभारतात, मग ती फुगत नाही. हे खरं का? शेतात जमेल का?

उत्तर : पुतणी बरोबर सांगते. तुमच्या मातीत स्मेक्टाइट गटाची खनिजं भरपूर असतात. त्यांचा कण म्हणजे पापुद्र्यांची चळत. एकेक पापुद्रा जेमतेम 1 नॅनोमीटरचा. पापुद्र्यांवर ऋणभार असतो, म्हणून मधल्या फटींत सोडियम, कॅल्शियमचे आयन बसतात. पाणी शिरलं की पापुद्रे दूर सरतात, वाळलं की मिटतात. तुमच्या भेगा त्यातूनच.

माझं लहानपण अंबाजोगाईला माळवदाच्या घरात गेलं. खाली खांब, वर मातीचं छत, मधे खण. या मातीत नेमकं तसंच घर उभं राहतं. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडला की 13 अ‍ॅल्युमिनियम अणूंचे जाडजूड आयन तयार होतात आणि सोडियमला हुसकून फटीत शिरतात. थेंबथेंब हे महत्त्वाचं. पहिल्या वेळी मी सोडा भसकन ओतला आणि पात्रात नुसता पांढरा गिजगा साका राहिला. दुसऱ्या दिवशी ब्युरेट, म्हणजे थेंबथेंब सोडणारी तोटीची काचनळी, लावून दुपारभर तिथंच बसले.

मग माती धुवायची, धुवणात सिल्व्हर नायट्रेटनं पांढरं येणं थांबेपर्यंत, म्हणजे क्लोराइड निघून जाईपर्यंत. शेवटी भट्टीत 400-500 अंश सेल्सिअस. आयनांतलं पाणी जातं, ऑक्साइडचे खांब पक्के होतात आणि सुमारे 0.8 नॅनोमीटर उंचीचे खण कायमचे उघडे राहतात. ग्रॅमभर मातीत 200-300 चौरस मीटर पृष्ठभाग मिळू शकतो! तापताना प्रोटॉनही सुटतात, म्हणून माती आम्लधर्मी होते. 1973च्या तेलटंचाईनंतर जड तेलाचे मोठे रेणू तोडायला संशोधक हिच्याकडे वळले ते यामुळेच. झिर्कोनियम, टायटॅनियम, लोहाचेही खांब करतात.

शेतात मात्र हे नको. ज्या जागांवर खांब बसतात, त्याच जागा पिकासाठी पोटॅश, अमोनियम धरून ठेवतात. भट्टीत सेंद्रिय अंशही जळून जातो. भेगांसाठी वेळेवर कोळपं फिरवा, वरचा थर भुसभुशीत ठेवा. पुतणीला तुमचीच माती वापरायची असेल तर आधी चुनखडी काढायला सांगा. मातीच्या चिमटीवर लिंबू पिळलं आणि फसफसलं, तर चुना अजून आहे.