आधी जुना लिनक्स कर्नल वाच

अरे, लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, शिकायला थेट आजचा सोर्स कोड उघडलास? कोट्यवधी ओळी आहेत त्यात. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीच्या उलट चालून बघ, तसं होईल.

लिनक्स ०.०१ घे, सप्टेंबर १९९१ चं. जेमतेम १०,००० ओळी, फक्त इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर चालणारं, कीबोर्डसुद्धा फिनलंडचा! त्यातलं शेड्यूलरचं, म्हणजे कुठल्या प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) सीपीयू द्यायचा ते ठरवणारं, फंक्शन प्रिंट काढ आणि वाशी लोकलमध्ये वाच. तुर्भे यायच्या आत संपेल. ज्या प्रोसेसचा काउंटर (उरलेल्या वेळेचा आकडा) सगळ्यात मोठा, तिला सीपीयू. चालायला तयार असलेल्या सगळ्यांचे काउंटर शून्य झाले, की प्रत्येकीचा नवा काउंटर म्हणजे जुन्याचं निम्मं अधिक तिची प्रायॉरिटी. म्हणजे झोपलेल्या (कशाची तरी वाट बघत थांबलेल्या) प्रोसेसचा काउंटर वाढतो, जागी झाली की तिचा नंबर आधी. मला हे कळायला दोन आठवडे लागले होते.

मग ०.११ आणि जानेवारी १९९२ चं ०.१२ यांचा डिफ (दोन्ही कोडमधला फरक) काढ. डिस्कवर पेजिंग (मेमरी कमी पडली की तिचा काही भाग डिस्कवर ठेवणं) ०.१२ मध्ये आलं, कारण कुणाच्या तरी २ एमबी मेमरीच्या मशीनवर कर्नल कंपाइल होईना. कोड खुला ठेवणारं जीपीएल लायसन्सही त्याच सुमाराचं. मार्च १९९४ च्या १.० पर्यंत नेटवर्किंग आलंय, ते सध्या सोड.

अडलास तर रविवारी ठाण्यात तलावपाळीला ये. लॅपटॉप चार्ज करून आण.