आधी शेजाऱ्याचा कागद, मग बिल्डरची तारीख

इंग्लंडमध्ये घर वाढवायला घेतलेल्या मराठी वाचकांचे या वेळचे प्रश्न एकाच भिंतीपाशी येऊन थांबतात. ती म्हणजे आपल्या आणि शेजाऱ्याच्या घरामधली सामाईक भिंत, इथल्या भाषेत पार्टी वॉल. 1996 चा पार्टी वॉल कायदा 1 जुलै 1997 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू आहे.

प्रश्न (हॅरो): आमचं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं) घर आहे, लॉफ्टमध्ये म्हणजे छताखालच्या माळ्यावर खोली काढायची आहे. प्लॅनिंगची अडचण नाही. बिल्डर म्हणतो, 16 फेब्रुवारीची तारीख हवी असेल तर या आठवड्यात डिपॉझिट भरा. शेजाऱ्यांना नोटीस अजून दिलेली नाही. भरू का?

या तारखेसाठी भरू नका. लॉफ्टचे स्टील बीम सामाईक भिंतीत टेकवायचे, तर भिंत कोरावी लागते आणि त्यासाठी काम सुरू होण्याच्या किमान दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आज 10 जानेवारीला नोटीस दिलीत तरी तारीख येते 10 मार्च. प्लॅनिंग हा निराळा विषय. ती परवानगी हातात असली तरी या कायद्यातून सुटका नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. शेजाऱ्याला उत्तरासाठी 14 दिवस असतात, म्हणून लोक 14 दिवस आणि वर दोन महिने असा हिशेब करतात. तसं नाही. दोन्ही मुदती एकाच दिवशी सुरू होतात. शेजाऱ्यांनी लेखी संमती दिली आणि लवकर सुरुवात करायलाही लेखी होकार दिला, तर दोन महिने थांबावं लागत नाही. म्हणून नोटीस पोस्टात टाकण्याआधी नकाशा घेऊन त्यांच्याकडे जा आणि चहा पिता पिता बीम कुठे येणार ते दाखवा. ज्या घरी आधी बोलणं झालं, तिथून सही लवकर येते, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

‘भिंतीला न लागणारं काम आधी उरकून घेऊ’ असंही बिल्डर सुचवतात. कायद्याने त्याला आडकाठी नाही, पण लॉफ्टमध्ये त्याचा उपयोग नाही. परांची बांधली की पहिलं काम बीम बसवण्याचंच असतं. बीम अडले की परांचीचं भाडं चालू राहतं आणि माणसं दुसऱ्या साइटवर जातात. एका कुटुंबाचं छत असं सहा आठवडे ताडपत्रीखाली राहिलेलं मी पाहिलंय. पावसाचं पाणी मुलांच्या खोलीत टपकत होतं.

तेव्हा क्रम असा ठेवा: इंजिनिअरकडून बीमचे नकाशे, मग नोटीस, आणि त्याच वेळी बिल्डरकडून कोटेशन. करारात एक ओळ घालून घ्या (अवॉर्ड म्हणजे शेजारी राजी नसतील तेव्हा सर्व्हेअर, म्हणजे यासाठी नेमलेला बांधकामाचा जाणकार, देतो तो लेखी निवाडा): ‘काम लेखी संमती किंवा अवॉर्ड मिळाल्यापासून इतक्या आठवड्यांत सुरू होईल, त्याआधी तारीख पुढे गेल्यास डिपॉझिट तसंच लागू राहील.’ चांगला बिल्डर याला नाही म्हणत नाही. जो म्हणतो, त्याच्याकडे काम देण्याची घाई करू नका.

प्रश्न (स्लाउ): नोटीस देऊन तीन आठवडे झाले. शेजारच्या आजींचं उत्तर नाही. गप्प आहेत म्हणजे हरकत नाही, असं धरू का?

आपल्याकडे मौन म्हणजे संमती म्हणतात. हा कायदा नेमका उलट म्हणतो. 14 दिवसांत उत्तर आलं नाही, तर वाद आहे असंच धरलं जातं, आणि तुमचा पंधरावा दिवस केव्हाच उलटून गेलाय. आजच त्यांना सर्व्हेअर नेमण्याची लेखी विनंती करा. दहा दिवसांत त्यांनी नेमला नाही, तर त्यांच्या वतीने तुम्ही नेमू शकता. एरवी दोघांनी मिळून एकच सर्व्हेअर घेतला तरी चालतो आणि खर्च कमी होतो. फी बहुतेक वेळा काम काढणाऱ्यालाच भरावी लागते, तेव्हा ती बजेटमध्ये आधीच धरा. अवॉर्ड यायला मी महिना-दीड महिना धरते. त्यानंतर अपिलासाठी 14 दिवस असतात; बिल्डरची तारीख त्याच्या पुढची घ्या.

या वयाची माणसं बऱ्याचदा भांडणापोटी गप्प नसतात, त्यांना त्या कागदाची भीती वाटते. अशाच एका आजींच्या बैठकीत मी कामाआधीची नोंद करायला गेले होते. लग्नाच्या फोटोमागे केसाएवढा तडा होता. मी फूटपट्टी लावून फोटो काढला आणि तारखेसह लिहून त्यांना वाचून दाखवलं. ‘म्हणजे पुढे हा वाढला तर कळेल?’ त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी खुर्ची सरकवून मला दुसरा तडाही दाखवला. शेजारी संमती देणार असतील तरीही ही नोंद करून घ्याच. ती त्यांच्याइतकीच तुमच्याही कामाची आहे.

प्रश्न (रेडिंग): मागे स्वयंपाकघर वाढवतोय. भिंत पूर्ण आमच्या जागेत आहे. शेजारच्या घरात वर-खाली दोन फ्लॅट आहेत. नोटीस लागते का, आणि कोणाला?

भिंत तुमची असली तरी पाया बघावा लागतो. शेजारच्या बांधकामापासून 3 मीटरच्या आत त्यांच्या पायापेक्षा खोल खणणार असाल, तर एक महिन्याची नोटीस लागते. सोबत जागा आणि खोली दाखवणारे नकाशेही द्यावे लागतात. जुन्या व्हिक्टोरियन घरांचे पाया उथळ असतात आणि चिकणमातीत नवा पाया साधारण मीटरभर तरी जातो, त्यामुळे ही नोटीस सहसा चुकत नाही. खणणं हे पहिल्याच दिवसाचं काम, तेव्हा ते मागे ढकलून बाकीचं करता येत नाही.

आता कोणाला? फ्रीहोल्डरला (इमारतीच्या आणि जमिनीच्या मूळ मालकाला) तर द्याच, आणि लांब मुदतीचा लीज असलेल्या दोन्ही फ्लॅटधारकांनाही स्वतंत्रपणे द्या. भाडेकरूच्या हातात कागद देऊन काम झालं असं समजू नका. मालकांची नावं लँड रजिस्ट्रीतून थोड्या फीमध्ये मिळतात. एक जण जरी सुटला, तरी त्याच्यापुरती मुदत नव्याने मोजावी लागते आणि बिल्डरची तारीख हातची जाते.

प्रश्न (क्रॉयडन): नवं किचन बसवतोय, सामाईक भिंतीवर कपाटं आहेत. नोटीस?

नको. स्क्रू, प्लास्टर, वायरिंग एवढ्याला लागत नाही. चिमणीचा भाग काढणार असाल, तर लागते.

प्रश्न (वेम्बली): मागच्या मे महिन्यात नोटीस दिली, शेजाऱ्यांची सहीही आली. बिल्डर आता म्हणतो, जूनशिवाय जमणार नाही. चालेल ना?

नोटीस दिल्याच्या दिवसापासून 12 महिन्यांत काम सुरू व्हावं लागतं. तुमची मुदत मेमध्येच संपते, म्हणजे जूनसाठी नवी नोटीस द्यावी लागेल. बिल्डरला आजच फोन करा. मेमध्ये खरंच सुरुवात होत असेल तर तारीख लेखी घ्या. नसेल तर एप्रिल उजाडायच्या आत नवी नोटीस शेजाऱ्यांच्या हातात द्या आणि का द्यावी लागतेय तेही दारात उभं राहून सांगा.