पाण्याचा रेफरन्स स्कॅन आधी नीट शीक

प्रश्न : रेडिओग्राफीचं शिक्षण झाल्यावर मी एका संशोधन केंद्रात लागले. पुढे एमआर स्पेक्ट्रोस्कोपीच्या, म्हणजे एमआरआय मशीनने शरीरातली रसायनं मोजण्याच्या, विश्लेषणात जायचं आहे, पण माझ्या वाट्याला फक्त पाण्याचे रेफरन्स स्कॅन येतात. यातून काय शिकणार?

उत्तर : पुष्कळ. मेटाबोलाइटच्या (पेशींतल्या रसायनांच्या) स्कॅनमध्ये पाण्याचा सिग्नल दाबलेला असतो, रेफरन्समध्ये तोच व्हॉक्सेल (मोजायचा ठोकळा) पाणी न दाबता घेतात. सिग्नल पकडणाऱ्या कॉइलच्या चॅनेलचे सिग्नल जुळवायला, एडी करंटने (ग्रेडियंट बदलताना मशीनच्या धातूत उठणाऱ्या प्रवाहांनी) बिघडलेली सिग्नलची फेज सुधारायला आणि एनएए (एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट), क्रिएटिन अशा मेटाबोलाइटचं प्रमाण मिलिमोलरमध्ये (लिटरमागे किती मिलिमोल) काढायला तोच आधार असतो. तो चुकला की विश्लेषण करणारा कितीही हुशार असो, आकडा चुकतोच.

एडी करंटसाठी घेताना पाणी दाबणाऱ्या आरएफ (रेडिओलहरींच्या) पल्स बंद ठेव, पण त्यांचे ग्रेडियंट (जागेनुसार बदलणारी चुंबकीय क्षेत्रं) चालू राहू देत. टीईसुद्धा (पल्सपासून सिग्नल मिळेपर्यंतचा वेळ) तोच हवा. मेटाबोलाइट लांब टीईवर घेतले असतील, तर प्रमाण काढायला लहान टीईचा आणखी एक स्कॅन घ्यावा, म्हणजे पाण्याच्या टी२ चा (सिग्नल विरण्याच्या काळाचा) परिणाम कमी राहतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो फ्रिक्वेन्सी ऑफसेट (पल्सचं केंद्र पाण्याच्या वारंवारतेपासून किती सरकवलंय तो फरक), कारण स्पेक्ट्रम दिसायला चांगलाच येतो. ३ टेस्लावर १ पीपीएम (वारंवारतेचा दहा लाखावा भाग) म्हणजे सुमारे १२८ हर्ट्झ. मेटाबोलाइटसाठी केंद्र ३ पीपीएमवर नेलेलं असतं, पाणी ४.७ वर. फरक साधारण २१७ हर्ट्झचा. रिफोकसिंग (सिग्नल पुन्हा एकवटणाऱ्या) पल्सची बँडविड्थ (वारंवारतेचा पट्टा) १३०० हर्ट्झ असेल, तर ३० मिलिमीटरचा व्हॉक्सेल त्या दिशेला ५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे पाणी एका जागेचं, मेटाबोलाइट दुसऱ्या जागेचे! रेफरन्स घेताना ऑफसेट शून्यावर आण.

मग रिसीव्हर गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवून घ्यायचा ते. पाण्याचा सिग्नल मेटाबोलाइटपेक्षा हजारो पट मोठा असतो, त्यामुळे वाढवलेल्या गेनवर एफआयडीचा (काळानुसार विरत जाणाऱ्या कच्च्या सिग्नलचा) सुरुवातीचा भाग सपाट कापला जातो आणि बेसलाइनवर लाटा उठतात. स्कॅन संपताच एफआयडीचे पहिले बिंदू उघडून बघायची सवय लाव. दोन्ही स्कॅनला गेन एकच ठेवता आला तर उत्तम, नाहीतर लिहून ठेव. मध्ये शिम (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) पुन्हा करू नकोस. काही मशीन प्रोटोकॉल कॉपी केल्यावर प्रीस्कॅन (स्कॅनआधीची जुळवणी) आपोआप चालवतात, तिकडे लक्ष ठेव.

टीआर (एका फेरीचा वेळ) २ सेकंद, ४ डमी (सिग्नल न साठवता सोडून द्यायच्या फेऱ्या) आणि ८ ॲव्हरेज (मोजायच्या फेऱ्या) धरले तर सगळं मिळून २४ सेकंद लागतात. रुग्ण हलायच्या आत, मेटाबोलाइट स्कॅनला लागूनच हे उरकायचं. तुमचं मशीन सरासरी साठवतं की बेरीज, हेही विचारून घे. बेरीज असेल आणि मेटाबोलाइटचे ६४ ॲव्हरेज विरुद्ध पाण्याचे ८ हा फरक कुणी भागला नाही, तर प्रमाण आठपट चुकतं.

विश्लेषणाकडे जायचा रस्ता इथूनच आहे. पायथन, फूरिए रूपांतर आणि ऑस्प्रे किंवा एफएसएल-एमआरएस यांपैकी एक प्रणाली शिकायला घे. ज्ञात प्रमाणाचा फँटम (चाचणीसाठीची द्रावणाची बाटली) घेऊन स्कॅनपासून आकड्यापर्यंतचं सगळं एकटीने कर. एलसीमॉडेल ही विश्लेषणाची प्रणाली वापरलीस तर पाण्याचं गृहीत प्रमाण बदलायला विसरू नकोस. मुळात ते मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यासाठी ३५,८८० मिलिमोलर धरतं, फँटममध्ये ते ५५,००० च्या वर असतं. बाटलीवर लिहिलेला आकडा आणि तुझा आकडा जुळत नसेल, तर कारण सापडेपर्यंत प्रत्येक पायरीची नोंद ठेव. पीएचडीच्या मुलाखतीला जाताना ती वही सोबत ने.